सेकंडहँड ऑटोमॅटिक: रॅपिड की सिटी? गिअरबॉक्सचं ऑईल, जपानी-जर्मन वाद आणि आपलं ऊन

जुळेसोलापूरकर | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. सेकंडहँड ऑटोमॅटिक घ्यायची आहे. वडिलांच्या गुडघ्यांमुळे क्लचची गाडी आता घरात ठेवून उपयोग नाही. ते गाडी चालवायचं सोडणार नाहीत, त्यामुळे 'ड्रायव्हर ठेवा' हा सल्ला कृपया देऊ नका, तो देऊन झाला, शिव्याही खाऊन झाल्या.

दोन गाड्या बघून ठेवल्यात. एक स्कोडा रॅपिड १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल) ऑटोमॅटिक, २०२१ ची, पंचावन्न हजार किमी. दुसरी होंडा सिटी पेट्रोल सीव्हीटी, २०१९ ची, अठ्ठेचाळीस हजार. दोन्ही एकाच मालकाच्या, दोन्हींची किंमत जवळपास सारखी.

वापर: रोज जुळे सोलापूर ते नवी पेठ आणि परत, महिन्यातून एखादी पुणे फेरी, अधूनमधून तुळजापूर, अक्कलकोट. मार्च ते जून एसी फुल.

दोन्हीकडे एकच प्रश्न विचारला, गिअरबॉक्सचं ऑईल कधी बदललं? रॅपिडवाला एजंट म्हणाला, "सर, ते सीलबंद असतं, गाडी भंगारात जाईपर्यंत बघायचं नाही." सिटीवाला म्हणाला, "जपानी गाडी आहे साहेब, ऑईल काय विचारताय." आणि काकांचं म्हणणं, सोलापुरात युरोपियन गाडी घेणं म्हणजे हत्ती पोसणं. जाणकारांनी मत द्यावं.

नाना_अक्कलकोटरोड | सोमवार, रात्री १०:४०

सिटी घे, विषय संपला. आमच्या टॉवेलच्या कारखान्यात इतक्या गाड्या झाल्या, मारुती आणि टोयोटानं कधी दगा दिला न्हाई. जर्मन गाडी लई भारी पळती, कबूल हाय. पण मोहोळच्या पुढं बंद पडली की टोचन करून पुण्यालाच न्यावं लागतंय बे. आणि तिथला माणूस आधी लॅपटॉप लावतो, मग तोंड वाकडं करतो, मग आकडा सांगतो.

बार्शीलाईट | सोमवार, रात्री १०:५५

नाना, तुमची ती लाडकी डिझायर डिझेलच होती ना? तिचं १.३ चं इंजिन फियाटचं. इटलीचं. बसा आता.

नाना_अक्कलकोटरोड | सोमवार, रात्री ११:०३

इंजिन कुणाचं का असंना, बोनेटवर सुझुकी लिहिलं होतं आणि गाडी चालली.

टॉर्कवाला | मंगळवार, सकाळी ७:३५

(मूळ गाव सोलापूर, सध्या चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात. माझी कंपनी गिअरबॉक्स बनवत नाही, म्हणजे कुणाची बाजू घ्यायचं कारण नाही.)

बार्शीलाईटनं चेष्टेत सांगितलं तेच इथं खरं उत्तर आहे. जुळेसोलापूरकर, तुम्ही बघितलेल्या दोन गाड्यांत 'युरोपियन की जपानी' हा प्रश्न चक्क उलटा पडतो.

रॅपिड १.० टीएसआयमधला ६ गिअरचा ऑटोमॅटिक आयसिनचा आहे. आयसिन ही टोयोटा समूहातली कंपनी, जपानच्या आयची प्रांतातल्या कारियाची. इनोव्हा क्रिस्टाचा ऑटोमॅटिक तिचाच, महिंद्राच्या एक्सयूव्ही७०० चाही तिचाच. म्हणजे काका ज्या गाडीला हत्ती म्हणतायत तिचा गिअरबॉक्स टोयोटाच्या घरातला. उलट सिटीचा सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणारा ऑटोमॅटिक, होंडा बनवते, पण मूळ डोकं नेदरलँड्सचं. हब व्हॅन डोर्नच्या डॅफ कंपनीनं १९५८ मध्ये डॅफ ६०० ही छोटी गाडी दाखवली, त्यात रबरी पट्ट्यांवर चालणारा व्हेरिओमॅटिक होता. पुढं त्याच परंपरेतून पोलादी पट्टा आला, १९८७ च्या सुबारू जस्टीत तो बसला. आणि मारुतीच्या ज्या एएमटीला (मॅन्युअलच गिअरबॉक्स, फक्त क्लच-गिअर यंत्र बदलतं) आपण सगळे 'ऑटोमॅटिक' म्हणतो, तिचा हायड्रॉलिक संच २०१४ च्या सेलेरिओपासून मॅग्नेटी मारेल्ली या इटालियन कंपनीच्या तंत्रावर.

त्यामुळे मी तरी बोनेटवरचं नाव बघून गिअरबॉक्सबद्दल बोलत नाही. कुठल्या जातीचा गिअरबॉक्स, त्यातलं ऑईल कधी आणि कुणी बदललं, आणि आपल्या गावात ते नीट बदलणारा आहे का, एवढंच बघतो.

एक मेख मात्र लक्षात ठेवा. 'रॅपिड ऑटोमॅटिक' नावाखाली दोन वेगळी यंत्रं विकली गेलीत. पेट्रोल १.६ आणि नंतरची १.० टीएसआय, दोन्हींना टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद ऑईलमधून पुढं नेणारा ऑटोमॅटिक. डिझेल १.५ ला मात्र ७ गिअरची कोरड्या क्लचची डीएसजी (फोक्सवॅगन समूहाचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक), जिला डीक्यू२०० म्हणतात. गाडीचं नाव तेच, गिअरबॉक्सचा स्वभाव पूर्ण वेगळा. एजंट दोन्हीला 'ऑटोमॅटिक' म्हणूनच विकतो.

आता ऑईल. मॅन्युअल गिअरबॉक्सच्या ऑईलला मुख्य काम एकच, दात वंगणात ठेवणं. टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिकचं ऑईल, म्हणजे एटीएफ, वंगण तर देतंच, शिवाय त्याच्याच दाबावर क्लच लागतात आणि सुटतात, इंजिनाची ताकद कन्व्हर्टरमधून तेच पुढं नेतं, आणि निघालेली उष्णताही तेच कूलरपर्यंत वाहून नेतं. क्लचच्या पट्ट्या झिजतात, त्यांचा बारीक गाळ याच ऑईलमध्ये फिरतो. त्यातली रसायनं उष्णतेनं संपत जातात. असं ऑईल कधीच बदलायचं नाही हे मला पटत नाही, आणि गिअरबॉक्स बनवणाऱ्यांनाही पटत नाही. झेडएफ ही जर्मन कंपनी बीएमडब्ल्यूसह अनेकांना ऑटोमॅटिक पुरवते. तिचा स्वतःचा सल्ला, वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा ८ वर्षांनी ऑईल बदला. तोच गिअरबॉक्स बसवलेल्या गाडीच्या पुस्तकात बरीच वर्षं 'बदलायची गरज नाही' असं असायचं. गाडी विकणाऱ्याला पहिल्या तीन-चार वर्षांचा देखभाल खर्च कमी दिसायला हवा असतो. तुम्ही दुसरे मालक, तुमचा हिशोब तिथून पुढं सुरू होतो.

मृण्मयी_होटगीरोड | मंगळवार, सकाळी ९:१०

टॉर्कवाला, प्रतिसाद वाचनखुणेत साठवला.

आमच्याकडे ऑक्टाव्हिया डिझेल आहे, ६ गिअरची ओल्या क्लचची (ऑईलमध्ये बुडालेल्या क्लचची) डीएसजी. तिच्या पुस्तकात ६०,००० किमीला ऑईल आणि फिल्टर स्पष्ट लिहिलंय, त्यामुळे 'बदलायचं का' हा वादच नाही. दोनदा बदलून झालंय, गाडी अजून पहिल्यासारखी. दवाखाना असल्यामुळे रात्री-अपरात्री निघावं लागतं, तेव्हा तिच्याइतका विश्वास मला दुसऱ्या गाडीचा वाटत नाही. नाना, रागावू नका.

एक सूचना. पहिल्यांदा काम करून घेतलं त्या सर्व्हिस सेंटरनं (पुण्यातलं, नाव सांगत नाही) बिलात फिल्टर लावला होता आणि गाडीत लावलाच नव्हता. जुना फिल्टर दाखवा म्हटल्यावर कळलं. तेव्हापासून जुना सुटा भाग हातात घेतल्याशिवाय पैसे देत नाही. तुम्हीही देऊ नका.

पूर्वभाग_टू_डॅलस | मंगळवार, सकाळी ९:४८

सगळ्यांना डॅलसहून नमस्कार. इथं रात्र आहे, झोप नाही, म्हणून लिहितोय.

जपानी गाडी म्हणजे अमरपट्टा, असं इथल्या देशी मंडळींचंही मत असतं. टोयोटा-लेक्सस कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकन ग्राहक संस्थेच्या यादीत वर्षानुवर्षं वर असतात, ते खरंच आहे. पण जपानी ऑटोमॅटिकचाही इतिहास आहे. २००४ मध्ये होंडानं अमेरिकेत सुमारे ११ लाख गाड्या परत बोलावल्या, कारण गिअरबॉक्समधला दुसरा गिअर जास्त तापून तुटू शकत होता आणि गिअरबॉक्स जाम व्हायचा धोका होता. आणि निसाननं २००३ ते २०१० मॉडेलच्या सीव्हीटी गाड्यांची वॉरंटी १० वर्षं किंवा १,२०,००० मैलांपर्यंत वाढवली. कुठलीही कंपनी उगाच वॉरंटी वाढवत नाही.

माझा चुलतभाऊ अजून अशोक चौकात राहतो. तो म्हणतो, "जपानी घे, डोळे मिटून घे." मी म्हणतो घे, पण डोळे उघडे ठेव.

नाना_अक्कलकोटरोड | मंगळवार, सकाळी १०:०५

अमेरिकेतलं काय सांगायलाय मालक. तिकडच्या गाड्या वेगळ्या, रस्ते वेगळे. सात रस्त्याला संध्याकाळी सहाला सिग्नलवर उभं राहून बघा.

टॉर्कवाला | मंगळवार, दुपारी १:२०

नानांचा मुद्दा बरोबर आहे, आणि तो दोन्ही बाजूंना लागू पडतो. डीक्यू२०० ची जी बदनामी झाली तीही हवामानाशी जोडलेली होती. २०१३ मध्ये फोक्सवॅगननं जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांत या गिअरबॉक्सचं सिंथेटिक ऑईल काढून मिनरल ऑईल भरायची मोहीम काढली. उष्ण आणि दमट हवेत, थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत सिंथेटिक ऑईलमुळे गिअरबॉक्सच्या विद्युत भागात बिघाड होऊ शकत होता. 'सिंथेटिक म्हणजे कायम भारी' असं मानणाऱ्यांनी हे एकदा वाचावं. युरोपच्या थंडीत जे दिसलं नाही ते आशियाच्या उन्हानं दाखवलं.

म्हणून कुणी २०१३ च्या आधीची डीएसजी घेत असेल, तर ते ऑईल बदललं गेलं की नाही, याची नोंद मागायचीच.

तुळजापूरवेस | मंगळवार, दुपारी २:०२

मॅन्युअलवाल्यांना कोण वाली? स्विफ्ट, ८० हजार झाले, गिअर ऑईल कधीच बदललेलं नाही. दुसरा गिअर सकाळी अडकतो.

पाना_दहाबारा | मंगळवार, दुपारी २:३०

तुळजापूरवेस, बदलून टाक, खर्च फार नाही. पण दुकानदार देईल ते ऑईल घेऊ नको. डब्यावर जीएल-४ आहे का जीएल-५ (गिअर ऑईलचे दोन प्रकार) ते बघ आणि गाडीच्या पुस्तकातलंच घे. जीएल-५ मधला दाबाचा मसाला पितळी सिंक्रो रिंगला, म्हणजे गिअर सहज लावणाऱ्या कड्याला, खातो. आपल्या इथं बरेच जण ट्रकच्या डिफरन्शिअलचं उरलेलं ऑईल कारच्या गिअरबॉक्समध्ये ओततात आणि वर म्हणतात, जाड आहे, आवाज गेला. आवाज जातो, रिंगपण जाते.

बाकी मी गॅरेजवाला, जुना पुणे नाक्याकडं. ऑटोमॅटिकचं काम चार-पाच वर्षांपासून घ्यायला लागलो. आधी घेत नव्हतो, भीती वाटायची. आता रोज एखादी तरी येते. वरती सगळं बरोबर लिहिलंय, पण एक गोष्ट कुणी लिहिली नाही. ऑईल बदलणं सोपं आहे, लेव्हल बसवणं अवघड.

जुळेसोलापूरकर | मंगळवार, दुपारी २:४१

उस्ताद, जरा सविस्तर सांगा ना. लेव्हल म्हणजे डिपस्टिक काढून बघायची ना?

पाना_दहाबारा | मंगळवार, दुपारी ३:१५

डिपस्टिक जुन्या गाड्यांना. तुझ्या रॅपिडला नाही. खाली चेंबरला बोल्ट आहे, आत उभी नळी. इंजिन चालू ठेवून, गिअर सगळे फिरवून, ऑईल ठरावीक तापमानाला आलं की बोल्ट काढायचा. नळीवरून थेंब थेंब पडलं तर लेव्हल बरोबर. काहीच पडलं नाही तर कमी. धार लागली तर जास्त.

टॉर्कवाला | मंगळवार, रात्री ८:५०

पाना_दहाबारांनी जे लिहिलंय त्यावर मला थोडं लांबवायचंय, कारण सोलापूरचा प्रश्न इथंच आहे.

ते ठरावीक तापमान म्हणजे या आयसिनला ३५ ते ४५ अंश सेल्सिअस. झेडएफच्या ८ गिअरवाल्यालाही ४० च्या आसपास, टोयोटाच्या डिपस्टिक नसलेल्या गिअरबॉक्सना थोड्याफार फरकानं तसंच. हे हातानं बघायचं नसतं, स्कॅनर लावून गिअरबॉक्सच्या सेन्सरचं तापमान वाचायचं असतं. कारण ऑईल तापलं की फुगतं. ६०-७० अंशाला बोल्ट उघडला तर फुगलेलं ऑईल नळीवरून वाहून जातं, मेकॅनिकला वाटतं जास्त होतं ते गेलं, आणि थंड झाल्यावर गिअरबॉक्समध्ये ऑईल कमी राहतं. कमी ऑईलवर पंप वळणावर हवा ओढतो, दाब पडतो, क्लच घसरतात. 'ऑईल बदललं आणि महिन्याभरात गिअरबॉक्स गेला' अशा ज्या कथा ऐकतो, त्यातल्या बऱ्याच इथून सुरू होतात असं माझं मत आहे.

आता एप्रिल-मे मध्ये सोलापुरात दुपारी पारा ४२-४३ ला. गाडी चालवत गॅरेजला नेली म्हणजे गिअरबॉक्समधलं ऑईल ८०-९० अंशाला. ती सावलीत चार तास उभी केली तरी बाहेरच्या हवेपेक्षा खाली जाणार नाही, म्हणजे इंजिन सुरू करायच्या आधीच तुम्ही ४३ वर. दोन मिनिटांत ३५-४५ ची ती संधी गेली. जर्मनीत किंवा जपानमध्ये ज्यानं ही पद्धत ठरवली, त्याला गाडी तापायची वाट बघावी लागते. आपल्याला ती थंड व्हायची बघावी लागते.

तेव्हा हे काम एकतर गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीत करावं, नाहीतर उन्हाळ्यात भल्या पहाटे.

पाना_दहाबारा | मंगळवार, रात्री ९:२०

साहेब, बोललात बरोबर. मी काय करतो सांगू? जेवढं निघालं तेवढं मापानं मोजून तेवढंच टाकतो. लिटरच्या बाटल्या लावून ठेवतो, गिऱ्हाइकासमोर.

टॉर्कवाला | मंगळवार, रात्री ९:३६

चालेल, पण दोन अटींवर. आधीची लेव्हल बरोबर होती हे गृहीत धरावं लागतं, आणि कुठं गळती नसावी. शिवाय निघालेलं ऑईल गरम आणि टाकलेलं थंड असेल तर मापात फरक येतो. दोन्ही एका तापमानाला आणून मोजा. नाहीतर शेवटी स्कॅनर लावून थेंबाची परीक्षा घ्यावीच.

पाना_दहाबारा | मंगळवार, रात्री ९:४१

स्कॅनर आहे माझ्याकडं. घेतला मागच्या दिवाळीत. मान्य.

बार्शीलाईट | मंगळवार, रात्री ९:५०

धाग्याची लेव्हल बरोबर चाललीय, थेंब थेंब.

हिप्परगा_हवा | मंगळवार, रात्री १०:११

हे सगळं ठीक, पण ई२० पेट्रोलबद्दल कुणीच बोलत नाही. २०१९ ची सिटी, २०२१ ची रॅपिड, दोन्हींच्या रबरी पायपांचं काय होणार? माझ्या मते सरकारनं

नियंत्रक | मंगळवार, रात्री १०:२५

हिप्परगा_हवा, ई२० साठी वेगळा धागा आहे, तिथं आधीच पुरेशी आग लागलीय. पुढचा मजकूर तिकडं हलवला आहे.

मृण्मयी_होटगीरोड | बुधवार, सकाळी ८:०५

फ्लशिंगबद्दल विचारायचं होतं. एका गॅरेजनं मशीन लावून सगळं जुनं ऑईल एका झटक्यात बाहेर काढून देतो म्हटलं होतं. आम्ही नको म्हटलं. ते बरोबर होतं का?

टॉर्कवाला | बुधवार, सकाळी ८:४०

तुमच्या डीएसजीला त्याची गरजच नाही, तिच्यातलं बहुतेक ऑईल प्लग उघडल्यावर निघतं. प्रश्न टॉर्क कन्व्हर्टरवाल्यांचा. रॅपिडच्या त्या आयसिनमध्ये एकूण सुमारे ७ लिटर ऑईल, पण प्लग उघडला की निघतं निम्म्याच्या आसपास. बाकीचं कन्व्हर्टरमध्ये, वाहिन्यांत आणि कूलरमध्ये अडकून राहतं. म्हणजे एकदा बदललं तर निम्मं जुनंच. थोडी गाडी चालवून पुन्हा एकदा तसंच केलं की जुनं पाव उरतं. ऑईल जास्त लागतं, पण मी हाच मार्ग सुचवेन. मशीननं दाब देऊन जुना गाळ हलवला आणि तो व्हॉल्व्हच्या बारीक भोकांत जाऊन बसला, तर आपण निष्कारण दुखणं विकत घेतलं.

नाना_अक्कलकोटरोड | बुधवार, सकाळी ९:००

पण लोक तर म्हणत्यात, जुन्या गाडीचं ऑईल बदललं की गिअर घसरायला लागतात. न बदललेलं बरं. ते काय खोटं हाय का?

टॉर्कवाला | बुधवार, सकाळी ९:३०

नाना, अर्धं खरं आहे. ज्या गाडीचं ऑईल दीड-दोन लाख किमी बदललेलं नाही, क्लचच्या पट्ट्या झिजून गेल्यात, तिचा शेवट ठरलेलाच असतो. ऑईल बदललं त्याच आठवड्यात ती बसली की दोष ऑईलला लागतो. ऑईल काळं, करपल्याचा वास आणि गिअर आधीच घसरतायत अशी गाडी आली, तर मीही मालकाला आधी सांगेन, यानं बरं होईलच असं नाही. पण पन्नास-साठ हजाराच्या गाडीला तो नियम लावू नये. ती बदलायच्या वयाचीच आहे. पुस्तकात साध्या वापराचा आकडा वेगळा असतो आणि खडतर वापराचा वेगळा. धूळ, कडक ऊन, जवळजवळच्या फेऱ्या, एसी लावून सिग्नलला उभं राहणं, हे सगळं खडतर वापरात मोडतं. जुळे सोलापूर ते नवी पेठ म्हणजे खडतरच.

आणि रंगावरून निदान करू नका. एटीएफ म्हणजे लालच असं नाही, झेडएफच्या ८ गिअरवाल्याचं नवं ऑईल हिरवट असतं. सीव्हीटीचं तर पूर्ण निराळं. सिटीला एचसीएफ-२ हे होंडाचं सीव्हीटी ऑईलच लागतं. त्यात साधं एटीएफ ओतलं तर पोलादी पट्टा पुलीवर घसरून दोन्हीचा पृष्ठभाग खराब होतो. सीव्हीटीत ऑईलनं दोन गोष्टी एकाच वेळी करायच्या असतात, वंगण द्यायचं आणि पट्ट्याला पुलीवर घसरूही द्यायचं नाही. म्हणून 'कुठलंही चांगल्या कंपनीचं' हे तिथं चालत नाही.

जुळेसोलापूरकर | बुधवार, दुपारी १२:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी दोन्ही चालवून बघणार आहे. काय बघू?

पाना_दहाबारा | बुधवार, दुपारी १२:३०

मालकाला सांग, गाडी आधी चालू करून ठेवू नको. थंडी गाडी पाहिजे. बोनेटला हात लाव, गरम लागलं तर समजून घे.

मग ब्रेक दाबून एनवरून डी, डीवरून आर. गिअर लगेच लागला पाहिजे. एक श्वास घेण्याएवढी वाट बघायला लागली किंवा धक्का बसला, तर भाव करायच्या आधी विचार कर. हैदराबाद रोडला काढ, बोरामणीच्या पुढं साठ-सत्तरला हलक्या पायानं चालव. रॅपिड बारीक थरथरली, रस्त्यावरच्या रंबलपट्ट्यांवरून गेल्यासारखी, तर कन्व्हर्टरचा लॉक-अप (वेगात इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच) बोलतोय. सिटी सिग्नलवरून उचलताना थरथरली तर पट्टा नाहीतर टॉर्क कन्व्हर्टर. दोन्हीला उताराला, चढाला एकदा न्या. तुळजापूरचा घाट जवळच आहे.

मृण्मयी_होटगीरोड | बुधवार, दुपारी १:१०

आणि सर्व्हिसच्या नोंदी कंपनीच्या सिस्टीममधून काढायला लावा, मालकाच्या फाईलवर जाऊ नका. त्यात गिअरबॉक्स ऑईलचा पार्ट नंबर दिसतो का बघा. तो दिसला तर विषय स्पष्ट.

एक सुरक्षेचंही. ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत चौथ्या पिढीच्या, म्हणजे या २०१९ वाल्याच, सिटीला २०२२ मध्ये ४ तारे मिळालेत. रॅपिडच्या जागी आलेली स्लाव्हिया आणि तिची फोक्सवॅगनची बहीण व्हर्टस यांना २०२३ मध्ये ५. पण रॅपिड ही स्लाव्हिया नव्हे, तिचे तारे हिला लावू नका. एजंट लावतात.

जुळेसोलापूरकर | गुरुवार, रात्री ९:४५

अपडेट.

सिटी: नोंदीत सीव्हीटीचं ऑईल एकदा बदललेलं दिसलं, एचसीएफ-२, अधिकृत सर्व्हिसमध्येच. चालायला एकदम लोण्यासारखी. पण समोरच्या उजव्या खांबाला (काचेशेजारचा, छत पेलणारा) रंगाचा थर जास्त निघाला आणि त्या बाजूच्या दोन बोल्टांवर पान्याच्या खुणा. मालक म्हणतो किरकोळ घासली होती. विम्याचा क्लेम मात्र किरकोळ नाही.

रॅपिड: ऑईल बदलल्याची कुठंही नोंद नाही, म्हणजे एजंट निदान खोटं बोलला नाही. थंडी असताना दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना किंचित जाणवलं, गरम झाल्यावर नाही. थरथर अजिबात नाही. डी-आर लगेच. पाना_दहाबारांनी स्कॅनर लावला, गिअरबॉक्सच्या बिघाडाचा एकही कोड नाही. बॉडी कोरी.

वडील दोन्हीत बसले. रॅपिडमध्ये बसले ते उतरेनातच. म्हणाले, हिची सीट उंच होते.

नाना_अक्कलकोटरोड | गुरुवार, रात्री ९:५८

अपघाताची सिटी घेऊ नको. दुसरी बघ. सिटीला काय तोटा हाय का सोलापुरात? दहा मिळतील.

बार्शीलाईट | गुरुवार, रात्री १०:०४

नाना, त्यानं रॅपिड घेतली तरी गिअरबॉक्स जपानीच येतोय. तुमचं ऐकलं असंच समजा.

नाना_अक्कलकोटरोड | गुरुवार, रात्री १०:१०

मग बोनेटवर चिकटवायला टोयोटाचा बिल्ला मी देतो. जुना पडलाय घरात.

टॉर्कवाला | गुरुवार, रात्री १०:३०

थंडीतला तो दोन-तीनचा जाणवणारा बदल पंचावन्न हजाराच्या जुन्या ऑईलला शोभणारा आहे, मला घाबरण्यासारखं वाटत नाही. पण भाव करताना वापरा. दोनदा ऑईल बदलायचं, फिल्टर, गॅस्केट, मजुरी, एवढं किमतीतून मागा. नोंद नसलेल्या सिटीपेक्षा नोंद असलेली रॅपिड मी घेतली असती, आणि उलटही. इथं एकीला नोंद आहे पण खांब ठोकलेला, दुसरीला नोंद नाही पण अंग कोरं. ऑईल बदलता येतं, खांब येत नाही.

खर्चाचं मात्र डोळ्यांआड करू नका. टीएसआयचे सुटे भाग सिटीपेक्षा महाग आणि काही पुण्याहून मागवावे लागतील. नानांचा तो मुद्दा मी खोडलेला नाही.

जुळेसोलापूरकर | शनिवार, दुपारी ४:२०

रॅपिड घेतली. ऑईलचा सगळा खर्च किमतीतून कमी करून घेतला, एजंट शेवटपर्यंत म्हणत होता, "सर, सीलबंद असतं ते." कागदपत्रं सोमवारी. काकांना अजून सांगितलेलं नाही.

उस्ताद, ऑईलचं कधी करायचं?

पाना_दहाबारा | शनिवार, दुपारी ४:५५

अभिनंदन मालक. बुधवारी रात्री गाडी गॅरेजला लावून जा, चावी ठेव. गुरुवारी पहाटे साडेपाचला ये, रात्रभरात ऑईल तीस अंशाच्या खाली आलेलं असेल. आठच्या आत काम संपवायचं, नंतर ऊन चढतं. ऑईल तू आण, पुस्तकातल्या नंबरचं, डबा सीलबंद आणि बिलासकट. फिल्टर-गॅस्केट मी मागवतो. जुना फिल्टर तुझ्या हातात देतो, डॉक्टरबाईंना फोटो पाठव.

जुळेसोलापूरकर | शनिवार, संध्याकाळी ५:०२

चालेल. किती लिटर आणू?

पाना_दहाबारा | शनिवार, संध्याकाळी ५:०६

आठ आण. निम्मं या खेपेला, निम्मं महिन्यानं, आणि थोडं हाताशी पाहिजे. आणि वडिलांना पण आण सकाळी, खाली वाकून थेंब त्यांनीच मोजू देत.

नाना_अक्कलकोटरोड | शनिवार, संध्याकाळी ५:३०

गुडघं दुखत्यात म्हणून ऑटोमॅटिक घेतली आणि वाकायला काय सांगायलास बे त्यांना. मी येतो. बिल्लापण आणतो.